घाईबाईचं वजन

वजनाच्या खोलीत त्या सोमवारी सकाळी एक काटा होता, एक लाकडी स्टूल, भिंतीवर एक घड्याळ, दोन माणसं आणि एक स्लॉथ. घड्याळ बंद पडलेलं होतं. स्लॉथही जवळजवळ बंदच होती. दोन माणसांपैकी डॉक्टरबाई काट्याच्या पडद्याकडे बघत होत्या आणि दुसरी, प्राणिसंग्रहालयाची नवी सहायक, त्या स्लॉथला छातीशी धरून श्वास रोखून काट्यावर उभी होती. श्वास रोखल्यानं आकड्यात काही फरक पडत नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरीही.

“सात पूर्णांक एक,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तू कामावर आलीस तेव्हा किती होती गं ही?”

“सहा पूर्णांक दोन.”

“मग खातेय काय? विटा?”

सहायकेची नोकरी कच्ची होती. पक्की करायची की नाही ते सहा महिन्यांनी ठरणार होतं, आणि ठरवणार होत्या डॉक्टरबाई. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून ठेवलं होतं, “तुझ्याकडे एकच प्राणी देतेय. तो धड राहिला तर तू राहिलीस.” असा प्राणी म्हणजे ही स्लॉथ. झाडाच्या फांदीला उलटं लटकायचं, दिवसातले बहुतेक तास झोपायचं आणि उरलेल्या वेळात जागं व्हावं की नाही याचा विचार करायचा, एवढाच तिचा दिनक्रम. सगळं प्राणिसंग्रहालय तिला ‘घाईबाई’ म्हणायचं.

सहायकेलाही नाव पडायला वेळ लागला नव्हता. सापांच्या दालनात किती उकडतंय असं कुणीतरी सहज म्हणालं, आणि ती म्हणाली, “एकोणतीस पूर्णांक चार.” त्या दुपारपासून ती ‘दशांश’ झाली. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. विज्ञान शिकलेल्या माणसाला याहून वाईट नावं पडतात.

घाईबाईचं वजन करणं हे एक प्रकरणच होतं. ती एकटी काट्यावर बसत नसे. तिला कशाला तरी, शक्यतो ऊबदार कशाला तरी, मिठी मारून लटकायचं असे. टांगून वजन करायचा हुकाचा काटा दुरुस्तीला गेला होता, आणि दुरुस्तीला गेलेल्या गोष्टी परत येतात यावर प्राणिसंग्रहालयात कुणाचा विश्वास नव्हता. म्हणून दशांशनं एक युक्ती काढली होती. नोकरीला लागताना झालेल्या वैद्यकीय तपासणीत तिचं वजन अठ्ठेचाळीस पूर्णांक सहा भरलं होतं. तेवढं वजन आपोआप वजा होईल अशी तिनं काट्याच्या यंत्रात सोय करून ठेवली. मग काय, घाईबाईला घेऊन काट्यावर चढायचं की पडद्यावर थेट घाईबाईचाच आकडा. डॉक्टरबाईंनी तेव्हा तिची पाठ थोपटली होती. युक्ती आतून कशी चालते हे त्यांनी विचारलं नव्हतं, आणि आकडा बरोबर येतो म्हटल्यावर तिनंही सांगितलं नव्हतं.

वजा करायचा आकडा पुन्हा तपासावा असं तिच्या मनातही आलं नाही. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून तिचं वजन अठ्ठेचाळीस पूर्णांक सहाच होतं. परीक्षा आल्या नि गेल्या, मैत्रिणी जाड झाल्या नि बारीक झाल्या, हिचा काटा हलला नाही. “दोन गोष्टी कधी बदलत नाहीत,” ती मैत्रिणींना ऐकवायची, “एक प्रकाशाचा वेग आणि दुसरं माझं वजन.”

“काटा बिघडला असेल का, बाई?” तिनं आशेनं विचारलं.

“बघ तपासून.”

तिनं तपासला. युक्तीचं बटण बंद केलं, दहा किलोचं प्रमाण वजन ठेवलं. काटा म्हणाला दहा. पाच ठेवलं, पाच. काट्याची चूक नव्हती. तिनं बटण पुन्हा चालू केलं. काट्याची चूक नाही म्हणजे घाईबाईची; आणि घाईबाईची म्हणजे आपली.

“खाणं कमी कर,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पाऊण भाग दे. उरलेलं टाकून दे.”

टाकून दे म्हणणं सोपं होतं. घाईबाईचा डबा यायचा मुदपाकखान्यातून, म्हणजे जिथे वाघाच्या मांसापासून पोपटाच्या दाण्यापर्यंत सगळ्यांचं जेवण मापून निघे तिथून. तिथला कारभार एका काकांकडे होता. संसर्ग नको म्हणून तिथला कडक नियम होता की बाहेर गेलेलं अन्न पुन्हा आत यायचं नाही. आणि काकांचा स्वतःचा नियम त्याहून कडक होता.

“ताई, माझ्या हातानं चिरलेलं कुणी कचऱ्यात टाकलेलं मला चालत नाही,” त्यांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. “सकाळी चारला उठून उकडतो मी ती रताळी. टाकायचं असेल तर माझ्यासमोर टाका, म्हणजे मी डोळे मिटून घेईन.”

त्यांच्यासमोर टाकायची कुणाची छाती होती? दशांश घाईबाईच्या ताटात जेवढं हवं तेवढंच वाढायची आणि डब्यात राहिलेलं स्वतः खाऊन टाकायची. डबा स्वच्छ, रताळी गोड, मक्याचे दाणे कोवळे, शिवाय एक उकडलेलं अंडं. घाईबाई एक गाजर संपवायला जेवढा वेळ घेई तेवढ्यात कुणीही बसल्या बसल्या डबा रिकामा केला असता. आधी चार घास उरायचे. आता खाणं पाऊण झाल्यावर पाव डबा उरायला लागला.

त्यात काळजी. काही लोकांची अन्नावरची वासना काळजीनं उडते. दशांशचं उलटं होतं. काळजी लागली की तिला भूक लागे, आणि घाईबाईचा आकडा पाहिल्यापासून तिला काळजीच काळजी होती. रात्री घरी आई म्हणायची, “किती वाळलीयेस गं! डोळे बघ कसे आत गेलेत. घे अजून थोडा भात.” ती भात घ्यायची. गणवेशाच्या पँटचं बटण तुटलं तेव्हा ती कपडे धुणाऱ्यावर चिडली. “उकळत्या पाण्यात घालतो मेला. सगळे गणवेश आटतायत.” आईनं बटण लावून दिलं, जरा अलीकडे सरकवून.

दोन आठवड्यांनी काट्यानं दाखवलं, आठ.

“कमी खाऊन वाढतेय?” डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. आकडा तोच होता. “हिचं पोट साफ झालंय का?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. स्लॉथ आठवड्यातून एकदाच झाडावरून खाली उतरते ते ह्याच कामासाठी, आणि तेवढ्यात तिचं बरंच वजन उतरतं. दशांश मंगळवारपासून झाडाखाली खुर्ची टाकून बसली. बुधवार गेला. गुरुवारी काका दोनदा डोकावून गेले. शुक्रवारी दुपारी घाईबाईनं एक पाय खाली घेतला, आणि दशांशचा जीव भांड्यात पडला. तो तासभर भांड्यातच राहिला, कारण दुसरा पाय घ्यायला घाईबाईंनी तेवढा वेळ लावला.

“उतरल्या का?” काकांनी खिडकीतून विचारलं.

“शू! उतरतायत.”

“लगीन लागायला पण एवढा वेळ लागत नाही हो ताई.”

काम झालं. यथासांग झालं. दशांशनं ते तोलूनही पाहिलं, ते ठीकठाक होतं. ती आनंदानं घरी गेली, पोटभर जेवली, आणि सोमवारी काट्यावर चढली. आठ पूर्णांक तीन.

डॉक्टरबाईंनी हळूच विचारलं, “गेल्या वर्षी तो नर आणला होता ना आपण? पाहुणा म्हणून?”

आणला होता. शेजारच्या शहरातून जोडी जमवायला म्हणून आणला होता आणि पंधरवड्यानं परत पाठवला होता, कारण दोघांनी एकमेकांकडे ढुंकूनही पाहिलं नाही असं सगळ्यांचं मत पडलं होतं. पण स्लॉथच्या बाबतीत ढुंकून पाहण्याचा वेग काय असतो हे कुणी सांगावं? शिवाय त्यांचे दिवस जवळजवळ वर्षभर चालतात. हिशोब बसत होता. डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली. पडद्यावर दिसला तो पाल्यानं भरलेला पोटाचा कोठा. त्याच्यामागे काही आहे की नाही, ते पाला बाजूला केल्याशिवाय कळणार नव्हतं.

“नक्की काही सांगता येत नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

हे वाक्य प्राणिसंग्रहालयाच्या साहेबांच्या कानावर गेलं तेव्हा ते ‘गोड बातमी आहे’ असं झालेलं होतं. साहेब उंटावरून शेळ्या हाकणारे गृहस्थ होते. उंट आणि शेळ्या दोन्ही त्यांच्याच ताब्यात असल्यामुळे त्यांना ते शोभूनही दिसे. संध्याकाळपर्यंत फाटकाशी एक पेटी लागली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘घाईबाईच्या बाळाला नाव सुचवा!’

“साहेब, अजून काही नक्की नाही,” दशांश कळवळून म्हणाली.

“मॅडम, वजन वाढतंय की नाही?”

“वाढतंय.”

“काट्याची खात्री केलीत?”

“केली.”

“मग! विज्ञानावर विश्वास ठेवायला शिका जरा.”

मुदपाकखान्यात तर वेगळाच गोंधळ झाला. डॉक्टरबाईंनी खबरदारी म्हणून खाणं निम्म्यावर आणायला सांगितलं होतं. काकांनी ते ऐकलं आणि कानाला हात लावला. “पोटुशी बाईचं पोट मारायचं? माझ्या हातून ते पाप व्हायचं नाही.” आणि डबा दीडपट भरून यायला लागला. वर दोन केळी जास्त. दशांश पेचात पडली. काकांना दुखवायचं नाही, डॉक्टरबाईंचा शब्द मोडायचा नाही. तिनं दोन्ही पाळलं. घाईबाईला निम्मं वाढलं, आणि दीडपट डब्यातलं उरलेलं, डोळ्यांत पाणी आणून, घासामागून घास, संपवलं. प्रत्येक घासाला तिच्या मनात एकच विचार होता की हिचं काही बरंवाईट झालं तर?

घाईबाई फांदीवरून तिच्याकडे, किंवा केळ्याकडे, टक लावून बघत असे.

पुढचा आकडा आला नऊ. त्याच्या पुढचा नऊ पूर्णांक तीन. आता तो डॉक्टरबाईंनी मोठ्यानं वाचलासुद्धा नाही.

“निम्म्या खाण्यावर एवढं वजन बाळाचं नसतं,” त्यांनी दशांशला बाजूला घेऊन सांगितलं. “आत गाठ असणार. नाहीतर पाणी साठलंय. एक्स-रे काढायला हवा, आणि ती नीट पसरून पडल्याशिवाय तो निघणार नाही. भूल द्यावी लागेल.”

“धोका आहे?”

“हिच्यासारख्या संथ जिवाला भूल म्हणजे धोकाच गं. वजनाच्या हिशोबानं औषध द्यायचं. थेंबभर जास्त झालं तर झोपेल ती, ती उठायचीच नाही.” मग तिचा चेहरा पाहून त्यांनी जरा नरमाईनं पुढे म्हटलं, “काळजी करू नकोस. आपल्याकडे वजन अगदी अचूक आहे.”

त्या दुपारी दशांशनं दोन डबे संपवले. एक तिचा स्वतःचा होता.

ठरलेल्या सकाळी वजनाच्या खोलीत गर्दी झाली. डॉक्टरबाईंची सुई तयार होती, नऊ पूर्णांक तीनच्या हिशोबानं भरलेली. काका दारात डबा घेऊन उभे होते. “शुद्धीवर आली की भूक लागेल तिला,” ते म्हणाले. साहेबही आले होते, कारण पेटीत तोवर चारशेवर नावं जमली होती आणि लोक विचारायला लागले होते.

“शेवटचं एकदा वजन करू,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “मग टोचते.”

दशांश घाईबाईला घेऊन काट्याकडे निघाली. तिचं काळीज इतकं धडधडत होतं की ते घाईबाईच्या पोटाला लागत असणार. घाईबाईला ते आवडलं नसावं. तिनं डावा हात सोडला आणि समोर पसरला. समोर साहेब होते. हात साहेबांच्या दिशेनं निघाला हे खोलीतल्या सगळ्यांनी पाहिलं. तो एवढ्या सावकाश निघाला होता की थांबवायला भरपूर वेळ होता, आणि एवढा वेळ होता म्हणूनच कुणी घाई केली नाही.

“ही काय करतेय?” साहेब म्हणाले.

“हलू नका साहेब, ती बिचकेल.”

साहेब हलले नाहीत. वाकड्या नख्या त्यांच्या टायवर पोचल्या, टायवरून कॉलरवर, कॉलरवरून मानेमागे. मग दुसरा हात. मग एक पाय. अखेर साहेबांच्या भल्याथोरल्या पोटावर घाईबाईला जन्मात प्रथमच मनासारखी फांदी मिळाली. तिनं डोळे मिटले.

“काढा हिला,” साहेब मान न हलवता पुटपुटले.

“ओढलं तर नख्या रुततील,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आता तुम्हीच चढा काट्यावर. आकडा मिळाला की पाहू.”

साहेब चढले. पडदा लुकलुकला आणि स्थिर झाला.

“अठ्ठेचाळीस पूर्णांक चार,” काकांनी वाचलं. त्यांच्या हातातला डबा वाजला. “अरे देवा. जुळं आहे की काय?”

“काटा बिघडला!” साहेब म्हणाले.

“बाळ अठ्ठेचाळीस किलोचं?” डॉक्टरबाई म्हणाल्या. “दशांश, हा आकडा साहेबांचा की तिचा? हा काटा दाखवतो तरी काय?”

दशांश पडद्याकडे बघत होती. काटा बिघडलेला नव्हता, तो तिनंच तपासला होता. तो इमानानं वर जे उभं असेल त्यातून अठ्ठेचाळीस पूर्णांक सहा वजा करत होता. साहेब उभे होते म्हणून साहेबांतून वजा केले. आणि ती उभी होती तेव्हा, इतके आठवडे, तो वजा करत होता तिच्यातून. अठ्ठेचाळीस पूर्णांक सहा. जे कधीच बदलत नाही.

पँटच्या बटणाचा दोरा तिला पोटाशी टोचत होता.

“बाई,” ती म्हणाली, “सुई खाली ठेवा.”

“काय झालं?”

“सुई आधी खाली ठेवा ना.”

डॉक्टरबाईंनी ठेवली. मग दशांशनं सगळं सांगितलं. बटण, वजाबाकी, वैद्यकीय तपासणीचा आकडा. मधे काकांनी तिला पाणी दिलं.

“म्हणजे वाढलं कोण?” काकांनी विचारलं.

दशांशनं बटण बंद केलं, वजनाच्या वेळी नेहमी काढायची तसे बूट काढले आणि साहेब उतरल्यावर एकटीच काट्यावर चढली. बावन्न पूर्णांक तीन.

“थांब,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “घाईबाईला आपण निम्म्यावर आणलं. बरोबर?”

“हो.”

“मग राहिलेलं निम्मं?”

दशांशनं मान खाली घातली. काकांनी डब्याकडे पाहिलं, मग दशांशकडे, आणि त्यांचा चेहरा उजळला. “टाकलं नाहीत ना ताई? मला वाटलंच होतं. ह्या पोरीला अन्नाची किंमत आहे, डॉक्टरबाई.”

“आणि माझ्या स्लॉथची उपासमार झाली त्याचं काय?”

डॉक्टरबाईंनी ते लाकडी स्टूल उलटं करून काट्यावर ठेवलं आणि त्याचं वजन शून्य करून घेतलं. काकांनी रताळ्याचा तुकडा घाईबाईच्या नाकाशी धरला. ती साहेबांवरून उतरून स्टुलाच्या पायांना लटकेपर्यंत सगळे उभे राहिले. पाच पूर्णांक सहा. डॉक्टरबाईंनी आधी त्या आकड्याकडे पाहिलं, मग ट्रेमधल्या भरलेल्या सुईकडे. मग त्या खाली बसल्या. बसायला स्टूल नव्हतं, म्हणून जमिनीवर.

“नऊ-तीनचं औषध टोचणार होते मी हिला,” त्या म्हणाल्या.

घाईबाई रताळं चघळत होती.

“मूर्ख आहेस,” डॉक्टरबाई शेवटी म्हणाल्या. “इतकी हुशार पोरगी आणि इतकी मूर्ख. पण सुई खाली ठेवा म्हणालीस. झाकून ठेवलं असतंस तर मला कधी कळलं नसतं. आण तो तुझा नोकरी पक्की करायचा कागद, माझी सही देते. वर साहेबांची सही लागते, ते साहेब आणि तू बघून घ्या.”

साहेबांनी कागद हातात घेतला. पेन उघडलं. मान चोळली.

“मॅडम,” ते म्हणाले, “आज मी काट्यावर चढलो होतो. त्या आकड्यावरून माझा आकडा निघत नाही ना?”

“निघतो,” दशांश म्हणाली. हिशोब तिच्या डोक्यात केव्हाच झालेला होता. “अठ्ठेचाळीस पूर्णांक चार अधिक अठ्ठेचाळीस पूर्णांक सहा, वजा पाच पूर्णांक सहा. एक्याण्णव पूर्णांक चार.”

“एक्याण्णव?” डॉक्टरबाई म्हणाल्या. “सहलीच्या विम्याच्या वेळी तुम्ही अठ्ठ्याहत्तर सांगितलं होतंत.”

“अठ्ठ्याहत्तरच आहे! त्यात माझे बूट होते. जड बूट आहेत हे, खास मागवलेले.” साहेबांनी पेनाचं टोक कागदावर टेकवलं, पण पुढे सरकवलं नाही. ते दशांशकडे बघून हसले. “तुम्ही शास्त्राचं माणूस. तुम्हीच सांगा, साधारण किती धरायचे? दहा-बारा किलो धरू या ना?”

काकांनी दारातून तिला डोळ्यांनी खुणावलं. धरा हो ताई, काय जातंय. डॉक्टरबाई जमिनीवरून बघत राहिल्या. पेनाच्या टोकाशी कागदावर शाईचा एक ठिपका हळूहळू मोठा होत होता.

दशांशनं घाईबाईला स्टुलासकट उचलून बाजूला ठेवलं आणि काटा पुन्हा शून्यावर आणला. मग ती वाकली आणि म्हणाली, “साहेब, जरा पाय.”

साहेबांनी एक पाय वर केला, मग दुसरा. तिनं दोन्ही बूट काट्याच्या मधोमध शेजारी शेजारी ठेवले, नाड्या बाहेर लोंबत नाहीत ना ते पाहिलं, आणि आकडा स्थिर होईपर्यंत वाट पाहिली.

शून्य पूर्णांक नऊ.